लिंकन यांच्या सचिवाचं नाव केनेडी नव्हतं : सामान्यज्ञानाच्या पुस्तकांच्या संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठीतून सामान्यज्ञानाची पुस्तकं, शालेय प्रश्नमंजूषा आणि मुलांच्या पुरवण्या तयार करणारे सर्व संपादक, संकलक व प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी या हत्या झालेल्या दोन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांमधल्या योगायोगांची जी यादी आपण छापता, तिच्यात लिंकन यांच्या सचिवाचं नाव केनेडी होतं असं म्हटलेलं असतं. ते तसं नव्हतं. त्यांचे दोन मुख्य खासगी सचिव होते, जॉन निकोले आणि जॉन हेय. या दोघांनी पुढे मिळून लिंकन यांचं दहा खंडांचं चरित्र लिहिलं आणि हेय तर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. म्हणजे ही काही कुठल्या कोपऱ्यात दडलेली माहिती नाही. तरीही ती अशी चारचौघांत सांगायची वेळ माझ्यावर आली आहे.

मी एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या भागात झालेल्या एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत आमच्या नववीतल्या मुलीला प्रश्न आला, "नाटकाला जाऊ नका, असं लिंकन यांना बजावणाऱ्या त्यांच्या सचिवाचं आडनाव काय?" बजावल्याची गोष्ट तिने कुठे वाचली नव्हती, पण सचिव तिला माहीत होते. तिने "निकोले" असं उत्तर दिलं. चूक, म्हणून घंटा वाजली. परीक्षकांनी "केनेडी" असं जाहीर केलं आणि सभागृहात "वा!" उमटली. कार्यक्रम संपल्यावर मी मंचामागे गेलो तेव्हा परीक्षकांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. "सर, छापलेलंच आहे, आम्ही काय करणार?" मी लेखी हरकत दिली. निकाल बदलणार नाही, असं कळवण्यात आलं. मग पुस्तकाच्या प्रकाशकांना पत्र घातलं. हे पान वाचकांना फार आवडतं, पुढच्या आवृत्तीतही ते राहील, असं उत्तर आलं.

हा निर्णय मी मुकाट्याने मान्य करू शकत नाही. परीक्षकांचं किंवा प्रकाशकांचं नाव मी इथे घेत नाही, कारण प्रश्न त्या एका पुस्तकापुरता नाही. "लिंकन-केनेडी : इतिहासातला विलक्षण योगायोग" हे पान थोड्याफार फरकाने किती पुस्तकांत, पुरवण्यांत आणि व्हॉट्सअॅपच्या संदेशांत फिरतं, हे आपण सगळे जाणतो. परतीच्या एसटीत त्या मुलीने मला विचारलं, "सर, पुढच्या वेळी हाच प्रश्न आला तर काय सांगू?" हा प्रश्न मी आता आपल्याला विचारतो आहे.

आधी त्या यादीतलं जे खरं आहे ते मान्य करतो. लिंकन १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले, केनेडी १९४६ मध्ये. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लिंकन यांनी १८६० मध्ये जिंकली, केनेडी यांनी १९६० मध्ये. दोघांवर शुक्रवारी गोळी झाडली गेली, दोघांच्या डोक्याला ती लागली आणि दोघांच्या पत्नी शेजारी बसलेल्या होत्या. लिंकन यांच्यावर फोर्ड नावाच्या नाट्यगृहात हल्ला झाला, तर केनेडी फोर्ड कंपनीने बनवलेल्या लिंकन गाडीत होते. दोघांच्या जागी जॉन्सन आडनावाचे उपराष्ट्राध्यक्ष आले, एक १८०८ मध्ये जन्मलेले, दुसरे १९०८ मध्ये. केनेडी यांच्या सचिव एव्हलिन लिंकन, हेही खरंच. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. केनेडी यांच्या हत्येला वर्ष व्हायच्या आत, १९६४ मध्येच, ही यादी अमेरिकेत छापून फिरू लागली. एका तरुण राष्ट्राध्यक्षाला भरदिवसा, हजारो लोकांसमोर मारलं जातं आणि दोन दिवसांत त्याच्या मारेकऱ्यालाही पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी घातली जाते. सुन्न झालेल्या समाजाला यामागे काही संगती असावी, असं वाटणं मी समजू शकतो. मराठीत मात्र ही यादी कुणाचं दुःख म्हणून आलेली नाही. ती पाठ करायचं ज्ञान म्हणून आली आहे, आणि माझ्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहिली तक्रार उघड चुकांची. लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याचा जन्म १८३९ चा आणि केनेडी यांचा मारेकरी ली हार्वे ओसवाल्ड याचा १९३९ चा, असं छापलं जातं. बूथ १० मे १८३८ रोजी जन्मला. शंभर वर्षांचा हिशेब जुळावा म्हणून एका माणसाचं जन्मवर्ष बदलून टाकलं आहे. एक मारेकरी नाट्यगृहात गोळी घालून गोदामात सापडला आणि दुसरा गोदामातून गोळी घालून नाट्यगृहात, हे वाक्य सर्वांना पाठ असतं. ओसवाल्डच्या बाबतीत ते बरोबर आहे. डॅलसमध्ये शाळेच्या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून त्याने गोळ्या झाडल्या आणि तो टेक्सास थिएटरमध्ये सापडला. तेही नाटकाचं नव्हे, सिनेमाचं थिएटर. बूथ मात्र व्हर्जिनियातल्या एका शेतकऱ्याच्या तंबाखूच्या कोठारात घेरला गेला. सैनिकांनी ते कोठार पेटवलं आणि त्यातच त्याला गोळी लागली. मेरिलिन मन्रो आणि मन्रो नावाचं गाव यांची जोडी तर मुलांच्या पुस्तकात कशी आली हेच मला कळत नाही. मरणाच्या आठवडाभर आधी लिंकन मन्रो गावात होते आणि केनेडी मेरिलिन मन्रोबरोबर, असं त्यात म्हटलेलं असतं. त्या अभिनेत्रीचा मृत्यू ऑगस्ट १९६२ मध्ये झाला आणि केनेडी यांची हत्या नोव्हेंबर १९६३ मध्ये. निदान दोन तारखा तरी शेजारी ठेवून बघायच्या होत्या.

दुसरी तक्रार अशी, की जे जुळत नाही ते आपण मुलांना दाखवतच नाही. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे दोन्ही आडनावांत सात-सात अक्षरं आहेत, हे छापता. पहिल्या नावांत एकाची सात आणि दुसऱ्याची चार, हे छापत नाही. लिंकन १८०९ मध्ये जन्मले, केनेडी १९१७ मध्ये. इथे शतकाचं अंतर जुळत नाही, म्हणून ती ओळ यादीत नाही. लिंकन दुसऱ्या कार्यकाळात मारले गेले, केनेडी पहिल्याच. एक एप्रिलमध्ये, दुसरे नोव्हेंबरमध्ये. एक ओंडक्यांच्या झोपडीत जन्मले, दुसरे गडगंज घरात. शुक्रवार तर आठवड्याला येतो, आणि लिंकन यांनी प्राण सोडला तो दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका सम वर्षांतच होतात आणि राष्ट्राध्यक्षाची दर चार वर्षांनी. त्यामुळे निवडणुकांच्या सालांत बरोबर शंभराचं अंतर पडायला फारसं अद्भुत काही लागत नाही.

आजवर या पदावर ४५ व्यक्ती येऊन गेल्या. त्यांच्यातल्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या तर ९९० होतात. प्रत्येकाच्या आयुष्यात जन्म, लग्न, मुलं, निवडणुका, मंत्री, सचिव, आजार, मृत्यू अशा शेकडो नोंदी. इतक्या ढिगातून कुठल्याही दोघांची यादी निघते. १९९२ मध्ये 'स्केप्टिकल इन्क्वायरर' या अमेरिकी नियतकालिकाने वाचकांसाठी अशा जोड्या शोधायची स्पर्धाच ठेवली होती. मेक्सिकोतल्या एका वाचकाने केनेडी आणि मेक्सिकोचे हत्या झालेले नेते अल्वारो ओब्रेगॉन यांच्यात सोळा साम्यं काढून दाखवली.

प्रश्नमंजूषेनंतर मी हाच अभ्यास वर्गाला दिला. मुलांनी गारफिल्ड आणि मॅकिन्ली हे हत्या झालेले आणखी दोन राष्ट्राध्यक्ष निवडले आणि एका तासात फळा भरला. दोघं ओहायोत जन्मलेले, दोघं रिपब्लिकन, दोघं यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात अधिकारी, दोघं आधी प्रतिनिधिगृहात. इंग्रजीत दोन्ही आडनावं आठ अक्षरांची. दोघांवर गोळी झाडली गेली आणि दोघं लगेच गेले नाहीत. दोघांचा मृत्यू सप्टेंबरात, १८८१ आणि १९०१ मध्ये, म्हणजे मधे नेमकी वीस वर्षं. दोघांच्या जागी आलेले आर्थर आणि थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या राजकारणातले, दोघंही मिशांचे. मुलं खूश झाली. मग मी विचारलं, गारफिल्ड यांना का मारलं? वर्ग गप्प झाला, कारण फळ्यावरच्या एकाही ओळीत त्याचं उत्तर नव्हतं.

चार्ल्स गिटो या माणसाला सरकारी नेमणूक हवी होती. निवडणूक जिंकली की आपल्या माणसांना नोकऱ्या वाटायच्या, ही तेव्हाची रीत होती आणि आपल्याला वाटा मिळाला नाही असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. २ जुलै १८८१ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गोळ्या झाडल्या. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि अस्वच्छ हत्यारं जखमेत घालून गोळी शोधली, जंतुसंसर्ग पसरला आणि गारफिल्ड ७९ दिवस झिजत १९ सप्टेंबरला गेले. गोळीचा ठाव लागावा म्हणून टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारं यंत्रही आणलं होतं, पण गोळी सापडली नाही. या हत्येनंतर देशभर संताप उसळला आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला. त्याने काही केंद्रीय नोकऱ्या स्पर्धा परीक्षेतल्या गुणवत्तेवर द्यायला सुरुवात केली. आपली पुस्तकं कोण विकत घेतं? स्पर्धा परीक्षा देणारी मुलं. राष्ट्राध्यक्षाच्या खुनातून स्पर्धा परीक्षेचा कायदा निघाला, ही हकिगत त्यांना सांगायची सोडून आपण त्यांना नावातली अक्षरं मोजायला लावतो.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त टोचते. यादीतलं सगळ्यात लाडकं कलम म्हणजे दोन जॉन्सन. दोघंही दक्षिणेचे, दोघंही डेमोक्रॅट, दोघंही आधी सिनेटमध्ये. सगळं खरं. आणि हे सगळं खरं वाचून मुलाच्या मनात जे चित्र उभं राहतं ते साफ उलटं. अँड्र्यू जॉन्सन यांनी १८६६ मध्ये गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे हक्क देणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, तो डावलून कायदा करावा लागला. १८६८ मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला आणि सिनेटमध्ये एका मताने ते वाचले. लिंडन जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर आणि पुढच्या वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही केली. शंभर वर्षांपूर्वी एका जॉन्सननी जे अडवलं, त्यातलं बरंच दुसऱ्या जॉन्सननी पुरं केलं. त्या शंभर वर्षांत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी काय काय केलं गेलं, त्याविरुद्ध किती जण लढले आणि मेले, हा सगळा इतिहास त्या दोन नावांच्या मधे आहे. आपण मुलांना सांगतो की दोघांचं आडनाव एक होतं.

लिंकन यांच्या खुनाचंही तसंच. ९ एप्रिल १८६५ रोजी यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, व्हाइट हाऊसच्या खिडकीतून लिंकन लोकांशी बोलले. निदान हुशार आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळावा, असं मत त्यांनी मांडलं. खाली गर्दीत बूथ उभा होता. हे यांचं शेवटचं भाषण ठरेल, असं तो सोबत्याला म्हणाला. १४ तारखेच्या रात्री त्याने एकट्याने काही केलेलं नाही. त्याच वेळी त्याच्या कटातला दुसरा माणूस परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्या घरात सुरा घेऊन शिरला आणि तिसऱ्यावर उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना मारायची कामगिरी होती, त्याचं धाडस झालं नाही. नाट्यगृहात राखणीवर असलेला पोलीस जागा सोडून गेला होता. हे सगळं नोंदलेलं आहे, कटवाल्यांवर खटला चालला आहे, चौघांना फाशी झाली आहे. लिंकन यांना का मारलं याचं उत्तर त्या खिडकीतल्या भाषणात आहे. आपल्या पानावर त्याचं उत्तर "शुक्रवार" असं मिळतं.

चौथी तक्रार तथाकथित शापाची. शून्याने संपणाऱ्या साली निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष पदावर असताना मरतो आणि याला टेकुम्सेचा शाप कारणीभूत आहे, असं आपण छापता. १८४० चे हॅरिसन, १८६० चे लिंकन, १८८० चे गारफिल्ड, १९०० चे मॅकिन्ली, १९२० चे हार्डिंग, १९४० चे फ्रँकलिन रूझवेल्ट, १९६० चे केनेडी. सलग सात. हा क्रम चकित करणारा आहे, हे मी नाकारत नाही. पण नीट बघा. लिंकन मेले ते १८६४ च्या निवडणुकीने मिळालेल्या कार्यकाळात आणि रूझवेल्ट १९४४ च्या. मॅकिन्ली तर पहिल्यांदा १८९६ मध्येच निवडून आले होते. म्हणजे एकाला पहिली निवडणूक लावायची, दुसऱ्याला दुसरी आणि रूझवेल्ट यांना चारपैकी तिसरी. १८४८ मध्ये निवडून आलेले झॅकरी टेलर १८५० मध्ये पदावर असतानाच वारले, ते कुठल्याच खणात बसत नाहीत. १९८० च्या रेगन यांना गोळी लागली, ते वाचले आणि ९३ वर्षांचे होऊन गेले. २००० च्या बुश यांनी दोन्ही कार्यकाळ पुरे केले, २०२० च्या बायडेन यांनी आपला. तरी "शाप" हे पान अजून छापलं जातं.

आणि टेकुम्से कोण होता? शॉनी लोकांचा हा नेता. १८०९ च्या फोर्ट वेनच्या तहात तेव्हा इंडियाना प्रदेशाचे गव्हर्नर असलेल्या याच हॅरिसन यांनी सुमारे तीस लाख एकर जमीन मूळ रहिवाशांकडून घेतली. ही जमीन कुठल्याही एका जमातीची नाही, ती विकायचा हक्क कुणा एकाला नाही, असं टेकुम्सेने हॅरिसन यांना समोरासमोर सांगितलं. गावोगाव हिंडून वेगवेगळ्या जमातींची एकजूट बांधायचा त्याने प्रयत्न केला. १८११ मध्ये तो असाच दूर दक्षिणेकडे गेलेला असताना हॅरिसन यांच्या फौजेने टिपेकानूची लढाई केली आणि त्याचं गाव जाळलं. ५ ऑक्टोबर १८१३ रोजी टेम्स नदीकाठच्या लढाईत तो मारला गेला. त्याने कुणाला शाप दिल्याची त्या काळातली एकही नोंद नाही. जमिनीचा मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडणाऱ्या राजकीय नेत्याला आपण मंत्र पुटपुटणारा मांत्रिक करून टाकलं. आदिवासी म्हटलं की जादूटोणा, ही समजूत आपल्याकडच्या मुलांच्या मनातही आपण याच पानाने पेरतो. माझ्या वर्गात आदिवासी पाड्यांवरून येणारी मुलं बसतात. त्यांच्यासमोर हे पान वाचून दाखवायची माझी तयारी नाही.

हॅरिसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर एका महिन्यात गेले, त्याचं कारण बहुतेक पुस्तकांत कडाक्याच्या थंडीतलं लांबलचक भाषण आणि न्यूमोनिया असं असतं. काही वर्षांपूर्वी दोन अभ्यासकांनी जुन्या वैद्यकीय नोंदी तपासून वेगळी शक्यता मांडली, दूषित पाण्यातून झालेल्या पोटाच्या आजाराची. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये सांडपाण्याची सोय नव्हती. मैला टाकायची जागा व्हाइट हाऊसच्या पाण्याच्या स्रोतापासून जवळ होती. टेलरही पोटाच्याच आजाराने गेले. एका घरातले दोन रहिवासी नऊ वर्षांच्या अंतराने दगावतात, तेव्हा शोधायची ती संगती ही असते. तिथे शाप बसवला की पाण्याकडे कुणी बघत नाही.

४ जुलैबद्दल थोडक्यात. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफर्सन हे माजी राष्ट्राध्यक्ष दोघंही ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेला नेमकी पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, काही तासांच्या अंतराने वारले. पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो त्याच तारखेला गेले. हे शंभर टक्के खरं आहे, ते जरूर छापा. फक्त त्याच्यापुढे आणखी एक ओळ जोडा. जेफर्सन यांच्यावर डोंगराएवढं कर्ज होतं. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्या माँटिसेलोच्या घरी लिलाव झाला आणि घरातल्या सामानाबरोबर १३० गुलाम माणसं विकायला उभी केली गेली. "सर्व माणसं समान जन्मतात" असं लिहिणाऱ्याच्या मृत्यूला सहा महिने झाले होते. नववीतल्या मुलाला या दोन ओळी शेजारी शेजारी वाचता आल्या पाहिजेत.

मला योगायोगांचं वावडं आहे, असं कृपया समजू नका. लिंकन यांचा मोठा मुलगा रॉबर्ट यादवी युद्धाच्या काळात जर्सी सिटीच्या फलाटावर उभा होता. गर्दीच्या रेट्याने तो डब्याला टेकला, गाडी हलली आणि त्याचे पाय डबा आणि फलाट यांच्यामधल्या फटीत गेले. मागून कुणीतरी कोटाची कॉलर धरून त्याला वर ओढलं. वळून बघतो तर तो त्या काळचा नावाजलेला नट एडविन बूथ. पुढे ज्याने लिंकन यांना मारलं त्या बूथचा सख्खा भाऊ. हाच रॉबर्ट लिंकन १८८१ मध्ये युद्धमंत्री म्हणून गारफिल्ड यांच्याबरोबर रेल्वे स्थानकावर हजर होता. जर्सी सिटीची हकिगत आपल्याला कशी माहीत? खुद्द रॉबर्टने १९०९ मध्ये पत्रात लिहून ठेवली आहे म्हणून. केनेडी नावाच्या सचिवामागे असं एकही पत्र, एकही रोजनिशी, एकही नोंद नाही. नवल हवं असेल तर नोंदींत सापडणारं नवल भरपूर आहे.

महाराष्ट्राला तर हा इतिहास परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यात लिहिली आहे. लिंकन यांचा खून होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून एका माणसाने त्या लढ्याचा अर्थ इतका नेमका ओळखला होता. दीडशे वर्षांनी त्याच भाषेत आपण त्या लढ्याची ओळख आडनावांच्या अक्षरांवरून करून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या आणि असंख्य शाळांच्या भिंतीवर लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र टांगलेलं असतं, तेही त्यांच्या संकलित लेखनात कुठे नाही. त्यांची खरी पत्रं आहेत. वडील लढाईत गेल्याने खचलेल्या फॅनी मकलॉ या मुलीला त्यांनी डिसेंबर १८६२ मध्ये लिहिलेलं सांत्वनाचं पत्र आहे. स्वतःचा अकरा वर्षांचा विली त्याच वर्षी गेला होता. दुःख तरुणांना जास्त जाळतं कारण ते त्यांना बेसावध गाठतं, आणि आज पटणार नाही पण तुला पुन्हा बरं वाटेल, असं त्यांनी तिला सांगितलं आहे. ते मराठीत आणा, आम्ही ते भिंतीवर लावू.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या आवृत्तीतून केनेडी नावाचा सचिव, बूथचं १८३९ हे साल आणि मेरिलिन मन्रोचं कलम काढून टाका. आधीच्या आवृत्त्या शाळांच्या ग्रंथालयांत पडून आहेत, त्यासाठी एका पानाचं शुद्धिपत्र छापा आणि ते शाळांना विनामूल्य पाठवा. "शाप" हा शब्द इतिहासाच्या पानावरून हटवा. टेकुम्सेबद्दल लिहायचं असेल तर फोर्ट वेनचा तह लिहा.

योगायोगांचं पान ठेवायचंच असेल तर ते "सामान्यज्ञान" या मथळ्याखाली ठेवू नका. प्रत्येक कलमापुढे ते नोंदींत सापडतं की नाही, एवढं लिहा. त्याच पानावर मुलांना एक काम द्या : दुसरे कुठलेही दोन राष्ट्राध्यक्ष घ्या, त्यांची साम्यं काढा आणि मग फरक काढा.

प्रश्नमंजूषेच्या आयोजकांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठून घेतलं याची नोंद ठेवावी. स्पर्धकाने किंवा त्याच्या शिक्षकाने पुरावा आणून दिला तर "पुस्तकात छापलंय" हे उत्तर पुरेसं धरू नये. निकालानंतर किमान पंधरा दिवस हरकती स्वीकाराव्यात. आमच्या विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं, असं लेखी कळवावं. बक्षिसांची वाटणी बदलायची आमची मागणी नाही, ज्या शाळेने बक्षीस घेतलं ती मुलंही मेहनतीचीच होती.

पुरवण्यांच्या संपादकांना एक विनंती. वाचकाने चूक दाखवली तर तिला त्याच पुरवणीत, त्याच जागी उत्तर द्या. "लोकांना आवडतं" हे कारण पत्रोत्तरात लिहू नका. माझ्या विद्यार्थ्यांना रॉबर्ट लिंकनची फलाटावरची हकिगतही आवडली, गारफिल्ड यांच्या जखमेची आणि बेल यांच्या यंत्राचीही आवडली.

अमेरिकेच्या इतिहासाची पानं छपाईला जाण्याआधी तपासून हवी असतील तर मी ती विनामोबदला तपासून देईन. माझ्यासारखे आणखी शिक्षक तयार आहेत, त्यांच्याशी मी बोललो आहे. पुढच्या आवृत्तीचं काम कधी सुरू होणार आणि पानं कोणत्या पत्त्यावर मागवायची, एवढं शाळा उघडायच्या आत कळवावं.

आपला,
माध्यमिक शाळेतला एक इतिहास शिक्षक